श्वास रोखून धरा

"श्वास घ्या... रोखून धरा... सोडा." सी. टी. स्कॅनच्या कमानीतून येणारा हा आवाज मी दीड वर्षात दोनदा ऐकला. येत्या महिन्यात तिसऱ्यांदा ऐकेन. ज्याचा चरितार्थच दमसास शिकविण्यावर चालतो, त्याला ते दहा सेकंद जड जावेत, याचे माझे मलाच नवल वाटले.

खोकला रेंगाळला म्हणून तपासणी झाली आणि उजव्या फुप्फुसात ७ मिलिमीटरचा ठिपका दिसला. अहवालात त्याचे नाव 'नोड्यूल' होते. घरी पोचेपर्यंत माझ्या मनात त्याची 'गाठ' झाली. डॉक्टर एवढेच म्हणाले, "मास्तर, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू."

ते सहा महिने मी सूर ऐकलाच नाही, छातीच ऐकत होतो. पहाटे षड्ज लावायचा आणि तो किती टिकला हे घड्याळात पाहायचे. कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी भरला की दिवस काळवंडला! वडील राजवाड्यातील बैठकांत गात. रियाजाच्या खोलीत त्यांनी घड्याळ कधी येऊ दिले नाही. एके दिवशी तानेत अडखळलेल्या शिष्येवर मी असा खेकसलो की ती रडतच घरी गेली. तेव्हा आमच्या घरातून आवाज आला, "अहो, त्या पोरीचा काय दोष? मनात घोळवीत बसण्यापेक्षा डॉक्टरांना नीट विचारा ना!"

प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेले. डॉक्टरांनी शांतपणे समजावले. असे बहुतेक ठिपके निरुपद्रवी असतात. आपल्याकडे तर जुन्या क्षयाचा वण हे नेहमीचे कारण. अमेरिकेतील धूम्रपान करणाऱ्यांच्या मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले, स्कॅनच्या शंभर संशयास्पद निकालांपैकी सुमारे ९६ मध्ये कर्करोग निघाला नाही. मग थांबायचे कशाला? तर ठिपक्याचे आकारमान दुप्पट झाले, तरी व्यास जेमतेम सव्वापट होतो. आठवड्याभरात पुन्हा पाहिले तर काहीच कळायचे नाही. काळ मध्ये जाऊ देणे हीच तपासणी. भरीव ठिपका दोन वर्षे तसाच राहिला, तर तो सहसा निर्धोक मानतात. आणि किरणांचे भय? कमी मात्रेच्या स्कॅनमध्ये सुमारे दीड मिलिसीव्हर्ट. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिळतातच.

आणखी एक गोष्ट वाचनात आली आणि त्या यंत्राशी माझी थोडी सोयरीक जुळली. १९७१ साली ज्यावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली, ते यंत्र करणारे हाउन्सफील्ड ई.एम.आय. कंपनीत अभियंते होते. त्यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याच्या चित्राच्या ज्या तबकड्या ऐकून आमची घरे वाढली, त्यांचाही कारभार याच कंपनीकडे होता!

दुसऱ्या स्कॅनमध्ये ठिपका होता तेवढाच निघाला. वाटले, सुटलो. पण पंधरा दिवसांत भीती परतली; ती एका अहवालाने जात नाही, हे तेव्हा कळले. म्हणून काही नेम केले. अहवाल रात्री उघडायचा नाही. डॉक्टरांकडे एकट्याने जायचे नाही. काळजीला संध्याकाळची वीस मिनिटे, सुरसागराच्या काठाने चालताना. इतर वेळी ती आली तर 'संध्याकाळी ये' म्हणून परत पाठवायची. फारच दाटले तर श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक वेळ द्यायचा. शिष्यांना हे वर्षानुवर्षे सांगत आलो. स्वतःसाठी प्रथमच केले.

त्या मुलीची मी क्षमा मागितली. "गुरुजी, मला वाटलं माझंच चुकलं," ती म्हणाली. माझ्या भीतीची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली होती!

तिसरा स्कॅन काय सांगेल ते सांगो. भीती अजून आहे. परंतु पहाटे तंबोरा जुळवितो, षड्ज लावतो, आणि घड्याळ मात्र बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवले आहे.