बूट, भार आणि तळवा

बिबवेवाडीच्या कामगार विमा रुग्णालयाच्या बाजूने काखेत कुबड्या आणि एका पायात गुडघ्याखालपर्यंतचा जाडजूड बूट घातलेला गृहस्थ येताना दिसला, की त्याच्या तळव्याची आता काळजी मिटली, असे आपण मनोमन ठरवून टाकतो. आणि खेदाची गोष्ट ही, की तो गृहस्थही तसेच समजत असतो.

डॉक्टरांनी ‘अर्धवट भार टाका’ असे फर्मावले, म्हणजे तळव्यावरचा दाबही त्याच प्रमाणात घटला, हा सर्वांत दृढ गैरसमज. भार निराळा, दाब निराळा. ६० किलोंचा मनुष्य एका पावलाच्या १२० चौरस सेंटिमीटरांवर उभा राहिला, तर दर चौरस सेंटिमीटरला सरासरी अर्धा किलो भार येतो. तोच मनुष्य भीतीपोटी टाच उचलून चवड्याच्या ४० चौरस सेंटिमीटरांवर अवघे २० किलो टेकवील, तरी हिशेब अर्ध्या किलोचाच भरतो. निराळी आज्ञा नसेल, तर संपूर्ण पाऊल टेकवावे ते याचसाठी.

शिवाय ते २० किलो मोजायचे कसे? मार्केट यार्डातला हमाल पोते पाठीवर घेताच वजन सांगेल. आपला तळवा इतका हिशेबी नसतो. घरच्या वजनकाट्यावर पाय ठेवून घेतलेला अदमास स्थिर उभे राहण्यापुरता खरा. चालू लागताच पाऊल बहुधा ती मर्यादा ओलांडते.

बुटातल्या मऊ अस्तरावर लोकांची फार श्रद्धा. वास्तविक काम करतो तो न वाकणारा, नावेसारखा वळलेला तळ, ज्याच्यावरून शरीर पुढे लोटले जाऊन चवड्याचा दाब उतरतो. नडगीभोवतीची भिंतही थोडा भार उचलते, मात्र पट्टे घट्ट असतील तरच. टाचेला ही सवलत पुष्कळच कमी मिळते. आणि बुटाने एक पाय उंच होत असल्याने दुसऱ्या पायात तितक्याच जाड तळाची चप्पल नसेल, तर कंबर तक्रार करते.

मधुमेहाने बधिर झालेल्या पावलाची गोष्ट अधिक गंभीर, कारण तेथे वेदनेचा पहाराच उठलेला असतो. शेजारच्या कोंढव्यातील कुष्ठरोग रुग्णालयाला परिचित असलेल्या अशाच, पण कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलांसाठी वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड प्लास्टर वापरीत. ते रुग्णाला काढता येत नसे, हा त्याचा मोठाच गुण. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत काढता येण्याजोगे साधन रुग्णांच्या पायात त्यांच्या दैनंदिन हालचालीच्या केवळ २८ टक्के वेळी आढळले. रात्री मोरीपर्यंतची चार पावलेही तळवा हिशेबात धरतो; डॉक्टरांनी मोकळीक दिली नसेल, तर तेवढ्यापुरताही बूट चढवावा.