मुलं शिकवतात, मोठे शिकतात!

मुलांनो, आईबाबांना तुम्ही कधी काही शिकवलंय का? हसू नका, ऐका!

अमेरिकेत ओहायो राज्यात क्लार्क काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. तिथे ए. बी. ग्रॅहम हे शाळांचे अधीक्षक होते. जानेवारी १९०२ मध्ये त्यांनी स्प्रिंगफील्डच्या कोर्टाच्या तळघरात सुमारे ३० मुलामुलींना जमवलं. मुलं लिटमस कागदाने शेतातली माती तपासू लागली, निवडक बियाण्याचा मका लावू लागली.

नव्या शेतीचं नाव काढलं, की तेव्हा बरेच शेतकरी नाक मुरडत. पण पोरांचं पीक डोळ्यांनी पाहिलं, की तेच चौकशी करत! अशाच मंडळांतून '४-एच' चळवळ उभी राहिली. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य या चार इंग्रजी शब्दांचे हे चार 'एच'! १९१४ च्या कायद्याने तर विद्यापीठांचं शेतीज्ञान काउंटी-काउंटीत पोचवायला सरकारी पैसा मिळू लागला.

तुम्हीही करून बघा. पेरणीआधी घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, गोणपाट ओलं ठेवा. आठवड्याने कोंब मोजा. ७० पेक्षा कमी निघाले? मग लगेच बाबांना सांगा. दुबार पेरणीचं संकट टळेल!