संगणक, शिक्षक आणि आपली अक्षरे

स्मृतिव्याख्यानाच्या या पुस्तिकेसाठी ‘शिक्षक आणि संगणक’ या विषयावर मी लिहावे, अशी सूचना शाळेकडून आली. या विषयावर आजवर पुष्कळ बोलले गेले आहे आणि त्यातील बराच भाग यंत्रांच्या संख्येविषयी असतो. कोणत्या शाळेला किती संगणक मिळाले, फळ्याच्या शेजारी पडदा कधी लागला, इत्यादी. मी मराठीचा शिक्षक. संगणक शिकताना माझा सर्वाधिक काळ गेला तो एकाच गोष्टीत : मराठी अक्षर या यंत्राच्या पोटात कोणत्या रूपाने राहते, हे समजून घेण्यात. ते उमगल्यावर पुढच्या गोष्टी पुष्कळ सुकर झाल्या. म्हणून या लेखात मुख्यतः तेवढेच सांगण्याचे योजिले आहे.

आरंभी थोडा इतिहास. भारतातील शाळांत संगणक आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८४-८५ साली केंद्र शासनाच्या ‘क्लास’ या प्रकल्पाने झाला. सुमारे २५० शाळा निवडून त्यांना ब्रिटनमधील ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक देण्यात आले. त्या यंत्राची भाषा इंग्रजी आणि त्यावर शिकवली जाणारी आज्ञावलीची भाषा ‘बेसिक’, तीही इंग्रजी शब्दांची. गोव्यात श्री. मनोहर पर्रीकर यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या पहिल्या कारकिर्दीत (२००० ते २००५) ‘सायबरएज’ योजनेखाली अकरावीच्या विद्यार्थ्यांना अल्प दरात संगणक मिळाले आणि पेडण्यातील अनेक घरांत ते यंत्र प्रथमच आले. तेरेखोल नदीपलीकडे, महाराष्ट्रात, २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला होता. सिंधुदुर्गातील माझे शिक्षकमित्र संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्या वर्गांना जात. आम्हीही इकडे शिबिरे केली. माऊस धरावा कसा, फाइल ठेवावी कोठे, हे सारे तेथे शिकविले जाई. मराठीत लिहावे कसे, हा प्रश्न मात्र शेवटच्या दिवशी, चहाच्या वेळी कोणीतरी विचारी आणि उत्तर मिळे : ‘एखादा मराठी फाँट टाकून घ्या.’

या उत्तरातच सारी अडचण होती.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते. त्याला आकडा ठाऊक असतो. इंग्रजी मोठ्या लिपीतील ‘ए’ म्हणजे ६५, ‘बी’ म्हणजे ६६, असा संकेत अमेरिकेत १९६०च्या दशकात ठरला आणि जगभर रूढ झाला. पडद्यावर दिसणारी आकृती ही निराळी गोष्ट आहे. आकडा ६५ आला की फाँटच्या पेटीतील ६५ क्रमांकाचे चित्र काढून दाखवावे, एवढेच यंत्र करते. आता त्या खणात कोणी ‘ए’चे चित्र काढून ठेवले आणि देवनागरीतला एखादा काना किंवा अर्धा ‘म’ ठेवला, तर पडद्यावर तो काना दिसेल. पण यंत्राच्या लेखी तो ‘ए’च राहील. जुने मराठी फाँट याच युक्तीवर चालत. ज्यांनी खिळ्यांची छपाई पाहिली आहे, त्यांना हे चटकन ध्यानात येईल. खिळेजुळाऱ्याच्या पेटीत काना, मात्रा, अर्धी अक्षरे, रफार यांचे निरनिराळे खण असत आणि प्रत्येक छापखान्याची मांडणी थोडी वेगळी असे. जुळारी हे खिळे शेजारीशेजारी लावून शब्दाची आकृती उभी करी. जुन्या फाँटमध्येही तसेच. ‘शिक्षक’ लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि ‘श’ नंतर, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते.

छापील कागदापुरती ही युक्ती उत्तम होती, आणि तिच्यावर मराठी मुद्रणव्यवसाय अनेक वर्षे चालला, हे कृतज्ञतेने नमूद करावयास हवे. अडचण येई ती मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेताना. आमच्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका मी शाळेतील संगणकावर तयार करून फ्लॉपीवर एका छापखान्यात नेली. तेथे ती उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे, टक्क्याची चिन्हे आणि कंस यांची भरताड दिसू लागली. छापखान्याकडे दुसऱ्या कंपनीचा फाँट होता. तो लावला तर मराठी अक्षरे आली, पण ‘कविता’ची जागा भलत्याच अक्षरांनी घेतलेली. शेवटी प्रश्नपत्रिका हाताने लिहून चक्रमुद्रित केली. असा अनुभव त्या काळी संगणकावर मराठी लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला आला असेल. तो कोणा एका कंपनीचा दोष नव्हता. प्रत्येकाची खिळ्यांची पेटी निराळी होती, इतकेच.

या अडचणीवरचा उपाय आपल्याच देशात शोधला गेला होता, ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर काम झाले आणि पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने ते ‘जिस्ट’ या नावाने वाढविले. त्यामागचा विचार आपल्या बाराखडीतूनच आलेला आहे. अक्षराची आकृती साठवू नये. त्याचा उच्चार साठवावा. ‘शि’ म्हणजे आधी श आणि मग इकार. ‘क्ष’ म्हणजे क, त्याचा पाय मोडण्याची खूण आणि ष. आकृती कशी काढावयाची, वेलांटी डावीकडे न्यावयाची की उजवीकडे, हे काम यंत्राने करावे. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांची वर्णमाला मूलतः एकच असल्यामुळे एकच संकेतसारणी देवनागरी, बंगाली, कन्नड, तमिळ या सर्वांना लावता येते. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ही ‘इस्की’ सारणी प्रमाणित केली. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी एकच सारणी करण्याच्या ‘युनिकोड’ या उपक्रमाची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ सालच्या आराखड्यावरून घेतलेला होता.

युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक मिळाले आहेत. आपल्या गावाचे नाव घेऊ. ‘केरी’ हा शब्द संगणकात २३२५, २३७५, २३५२, २३६८ असा राहतो : क, मात्रा, र, दुसरी वेलांटी. हे चार आकडे केरीतल्या संगणकात, मुंबईतल्या संगणकात आणि आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याच्या फोनमध्ये तेच असतात. फाँट बदलला तर अक्षराचे वळण बदलते, शब्द बदलत नाही. विंडोज २००० या प्रणालीपासून ही सोय सामान्य संगणकात आली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट मुंबईचे सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडविला होता. त्यानंतर आलेल्या विंडोज एक्सपीत मात्र ही सोय मुद्दाम चालू करावी लागे व त्यासाठी मूळ तबकडी हाताशी असावी लागे. ती तबकडी शाळेच्या कपाटात सापडत नसे, हा भाग वेगळा.

आता कळफलकाविषयी. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक ठरवून दिला. त्यात डाव्या हाताकडे स्वर आणि उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने आहेत. इंग्रजी ‘के’च्या कळीवर क, तीच कळ शिफ्टसह दाबली की ख, ‘आय’वर ग आणि घ, ‘एच’वर प आणि फ. अल्पप्राण खाली, महाप्राण वर, असा वर्णमालेचाच न्याय येथे आहे. त्यामुळे ज्याला वर्णमाला येते त्याला हा कळफलक शिकण्यास फार दिवस लागत नाहीत. मी रोज अर्धा तास दिला. तिसऱ्या आठवड्यात कळांकडे न पाहता लिहू लागलो. रोमन अक्षरांत उच्चार लिहून त्याचे देवनागरी करून घेण्याची पद्धत अधिक लोकप्रिय आहे, हे मला ठाऊक आहे. पण तिच्यात मुलाला प्रत्येक मराठी शब्द आधी इंग्रजी स्पेलिंगमध्ये विचारात घ्यावा लागतो. भाषेच्या शिक्षकाला हे मानवणारे नाही, निदान मला तरी नाही.

इनस्क्रिप्टचा वर्गात एक अनपेक्षित उपयोग झाला, तो येथे थोडा विस्ताराने सांगतो. मुले ‘महत्व’ लिहितात, ‘उज्वल’ लिहितात, ‘ब्राम्हण’ लिहितात. वहीत तांबड्या शाईने कितीदा दुरुस्त केले तरी पुढच्या निबंधात तेच. कारण जोडाक्षर हे मुलाच्या दृष्टीने एक चित्र असते. त्याच्या आत काय आहे ते दिसत नाही. कळफलकावर मात्र जोडाक्षर फोडल्याशिवाय उमटतच नाही. ‘महत्त्व’ला सात कळा लागतात : म, ह, त, पायमोड, त, पायमोड, व. पाच कळांत लिहिले की एक ‘त’ राहिला, हे मोजून दाखविता येते. ‘ब्राह्मण’ लिहिताना ह आधी की म आधी, याचा निर्णय बोटाला घ्यावाच लागतो. आठवीच्या वर्गात मी फळ्यावर शब्द लिहून ‘किती कळा?’ एवढेच विचारीत असे. यासाठी प्रत्येकापुढे संगणक असण्याचीही गरज नाही. पुठ्ठ्यावर काढलेला कळफलक पुरतो.

दुसरे उदाहरण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांचे. पहिला आपल्या गावापुढचा समुद्र. दुसरा दरी या शब्दाचे अनेकवचन. मराठीला ही दोन चिन्हे हवीतच, कारण ‘आचार्यांना’ बोलाविणे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलाविणे या निराळ्या गोष्टी आहेत. हिंदीत हा भेद नाही, म्हणून हिंदीपुरता विचार करून बनविलेल्या कळफलकांत हे चिन्ह शोधावे लागते. युनिकोडमध्ये यासाठी नुक्ता असलेला ‘ऱ’ वेगळा दिला आहे. इनस्क्रिप्टमध्ये तो ‘जे’च्या कळीवर शिफ्टसह मिळतो. तो लिहून पाय मोडावा आणि य लिहावा. ‘बॅट’मधील चंद्र आरंभापासून होता, पण ‘ॲप’मधील स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये यावयास २००८ साल उजाडले. आणि ‘ळ’चे स्थान अजूनही आपल्या समजुतीप्रमाणे नाही. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘ल’च्या लगेच पुढे आहे. हजेरीपट क्रमाने लावताना संगणक केवळ या आकड्यांवर विसंबला, तर एखाददुसरे नाव इकडचे तिकडे होते, ते त्यामुळे.

हे सारे तपशील क्षुल्लक वाटतील. परंतु गोव्यात त्यांच्यामागे एक मोठा प्रश्न उभा आहे. येथे मूल प्राथमिक शाळेत मराठीतून किंवा कोंकणीतून शिकते आणि पाचवीपासून बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजी होते. कळफलकाशी त्याची खरी ओळख होते ती याच इंग्रजीच्या वर्षांत. परिणामी देवनागरी ही त्याच्या दृष्टीने पेन्सिलीची लिपी राहते आणि रोमन ही यंत्राची. आईला पाठविलेला निरोपसुद्धा ते रोमन अक्षरांत लिहिते. २०२१ साली गोव्यात शालेय विद्यार्थ्यांसाठी कोडिंग व रोबोटिक्सची योजना आली, तिचे स्वागतच आहे. पण पहिलीत शिकलेली लिपी त्याच संगणकावर कशी लिहावी, हे आठवड्यातून एक तास देऊन शिकविणे हे मराठीच्या आणि कोंकणीच्या शिक्षकाचेच काम आहे. ते संगणकाच्या शिक्षकावर सोडून चालत नाही.

स्थानिक नावांचेच पाहा. पोर्तुगीज वळणाच्या रोमन लेखनामुळे नकाशावर केरीचे, हरमलचे आणि तेरेखोलचे जे रूप दिसते, ते वाचून बाहेरचा माणूस काय उच्चारील, याचा नेम नाही. शिवाय गोव्यात केरी एक नाही : एक आपले पेडण्यातले, दुसरे सत्तरीतले, तिसरे फोंडा तालुक्यातले. ज्या केरीविषयी देवनागरीत कोणी काही लिहून ठेवील, तेच शोधणाऱ्याला सापडेल. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि तेथे कोणालाही लिहिता येते. आजोबा देवस्थान, फेरीबोटीचा धक्का, खाडीतल्या मासेमारीचे शब्द, यांवर नववीच्या मुलांनी चार-चार परिच्छेद लिहिले तरी प्रकल्प होतो. हल्ली फोनला तोंडी मजकूर सांगितला की तो लिहून देतो. परंतु आपल्या किनाऱ्यावरचे शब्द त्याच्या कानावरून गेलेले नसतात, तेव्हा तेथे बोटांनीच लिहावे लागते.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे शाळेची जुनी हस्तलिखिते, स्नेहसंमेलनांचे अहवाल, नाटकांच्या संहिता जुन्या फाँटमधील फाइलींच्या स्वरूपात असतील, त्यांनी त्या आताच युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात. त्यासाठीच्या परिवर्तकआज्ञावल्या विनामूल्य मिळतात. मूळ फाँटचे नाव मात्र ठाऊक असावे लागते. छापील प्रत असल्यास तीही जपावी, कारण ताडून पाहण्यास दुसरे साधन नसते. परिवर्तित मजकुरात रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्य’ या तीन जागा एकेक करून तपासाव्यात. चुका बहुधा तेथेच सापडतात.