स्रोतापासून आज्ञावलीची बांधणी

स्रोतापासून बांधणी म्हणजे आज्ञावलीची माणसाला वाचता येणारी मूळ संहिता, म्हणजेच सोर्स कोड, मिळवून ती आपल्याच संगणकावर यंत्रभाषेत रूपांतरित करणे व प्रस्थापित करणे होय. डेबियन, उबुंटू, फेडोरा ही लिनक्स वितरणे हे काम आधीच करून तयार पॅकेजे पुरवतात. त्यामुळे सामान्य वापरकर्त्यास या वाटेने क्वचितच जावे लागते. हवी ती आवृत्ती वितरणात नसणे, संहितेत स्वतः बदल करावयाचा असणे किंवा संगणकावर प्रशासकीय अधिकार नसणे ही तिची मुख्य कारणे आहेत.

बदलाचे मराठी वाचकास जवळचे उदाहरण ‘लोहित देवनागरी’ या टंकाचे आहे. रेड हॅट कंपनीने ही टंकमालिका २००४ साली खुली केली. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावाशी हा शब्द नेमका जुळतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीतील रूढ वळणांहून निराळी आहेत. टंकाचा स्रोत हाती असल्यामुळे फाँटफोर्ज या आज्ञावलीत अक्षराचे वळण सुधारून टंक नव्याने बांधता येतो.

कृती

संहितेचा संक्षेपित संग्रह उघडल्यावर प्रथम ‘रीडमी’ व ‘इन्स्टॉल’ या संचिका वाचाव्यात. पारंपरिक पद्धतीत पुढे तीन आज्ञा येतात. त्या येथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टंकाव्या लागतात. ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट संगणकावर कंपाइलर व आवश्यक लायब्रऱ्या आहेत की नाहीत हे तपासून ‘मेकफाइल’ तयार करते. ‘मेक’ त्या संचिकेनुसार बांधणी करते. ‘मेक इन्स्टॉल’ तयार झालेल्या संचिका योग्य जागी ठेवते. ‘मेक’ ही आज्ञावली स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिली. संचिकांच्या वेळा ताडून, जेवढे बदलले तेवढेच ती पुन्हा बांधते. अलीकडचे अनेक प्रकल्प सीमेक किंवा मेसन वापरतात.

नवशिके बहुधा पहिल्याच पायरीवर अडतात. लायब्ररी संगणकावर असूनही ती सापडत नसल्याचा संदेश येतो, कारण बांधणीला लागणाऱ्या तिच्या हेडर संचिका वेगळ्या पॅकेजात असतात. अशा पॅकेजाच्या नावाअखेर डेबियनमध्ये ‘डेव्ह’ व फेडोरात ‘डेव्हेल’ असे असते. ‘मेक’ चालू असताना त्रुटींची रांग लागल्यास शेवटची नव्हे, तर पहिली त्रुटी शोधावी. पुढच्या बहुधा तिच्यापायीच उद्भवलेल्या असतात.

स्थान व जबाबदारी

वेगळी सूचना नसल्यास संचिका ‘यूएसआर’मधील ‘लोकल’ या निर्देशिकेत जातात. पॅकेज व्यवस्थापकाकडे त्यांची नोंद नसते, म्हणून तो त्या अद्ययावतही करत नाही आणि काढूनही टाकत नाही. सुरक्षाविषयक दुरुस्त्यांवर लक्ष ठेवणे मग बांधणाऱ्याकडेच येते. ‘मेक अनइन्स्टॉल’ची सोय सर्वच प्रकल्पांत नसते. ‘कॉन्फिगर’ला ‘प्रीफिक्स’ हा पर्याय देऊन सर्व काही स्वतःच्या होम निर्देशिकेत ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’सारख्या सामायिक महासंगणकावर वापरकर्त्याला प्रशासकीय अधिकार नसतात, तेथे हीच वाट उपयोगी पडते.

विश्वासार्हता

संहिता खुली आहे म्हणजे ती निर्धोक आहे, असे मात्र नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संक्षेपण आज्ञावलीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट आढळली. ती कार्यान्वित करणारी स्क्रिप्ट सार्वजनिक भांडारात नव्हती, केवळ वितरित संग्रहात होती. म्हणजे भांडार वाचणाऱ्यास ती दिसलीच नसती. संग्रहावरील अंकीय स्वाक्षरी तपासूनही उपयोग नव्हता, कारण घातपात करणारा स्वतःच प्रकल्पाचा अधिकृत परिरक्षक बनला होता. दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास हा प्रकार उमगला. वितरणांनी तातडीने जुन्या आवृत्त्या परत आणल्या.