यंत्रातला जीव

परवा पुण्याहून भाचा आला, तो काखेत एक मोठे चौकोनी पाकीट घेऊनच. "मामू, तुमची रेकॉर्ड," म्हणाला. पैसे माझे, शोधाशोध त्याची. पन्नाशी उलटलेल्या माणसाने कळंबसारख्या गावात बसून इलेक्ट्रॉनिक संगीताची तबकडी मागवावी, याचे घरात सगळ्यांना हसू आले. अब्बांच्या वेळचा रेकॉर्ड प्लेअर मी दुरुस्त करून ठेवला आहे. सुई टेकली आणि दोन मिनिटांत स्वयंपाकघरातून आवाज आला, "मशीन बिगड गया क्या?"

मशीन बिघडले नव्हते. ती रेकॉर्ड चरणजितसिंग यांची होती. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षे गिटार वाजवणारे हे मुंबईचे वादक. १९८२ साली त्यांनी ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग तीन जपानी यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात बसवले. एक यंत्र ताल धरणारे, एक स्वरपट्टीचे आणि तिसरे एक लहानशी पेटी, टीबी-३०३ नावाची. रेकॉर्ड तेव्हा कोणी फारशी घेतली नाही. २०१० साली नेदरलँड्समधल्या एका छोट्या कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा जगभर तिचा गवगवा झाला. माझ्याकडे आली ती ही नवी आवृत्ती.

गवगवा का झाला, तेही सांगतो. एकट्या गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून ती लहान पेटी बाजारात आली होती. ती खपली नाही आणि १९८४ मध्ये बंदही झाली. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. अमेरिकेत शिकागोच्या पोरांनी ती घेतली, तिच्या खुंट्या मनसोक्त पिळल्या आणि १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड हाउस' नावाचे नवेच नृत्यसंगीत ऐकू आले. तसाच आवाज मुंबईत पाच वर्षे आधी निघाला होता. दोघांना एकमेकांची खबर नव्हती.

या पेटीत दोन गोष्टी आपल्या कानाला ओळखीच्या आहेत. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर ती घसरत जाऊ शकते. तिची ही घसरण आपल्या मींडेच्या जवळची. दुसरी गोष्ट म्हणजे तिच्या खुंट्या. एक खुंटी फिरवली की स्वर तोच राहतो, पण त्याच्या वरचे बारीक नाद झाकले जातात किंवा उघडतात. मिटल्या ओठांनी धरलेला सूर हळूहळू 'आ'कारात उघडावा, तसे.

हे ऐकताना मला मिरजेचा तंबोरा आठवला. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की तार झंकारते, तिच्या पोटातले सगळे नाद बाहेर येतात. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हीच जवारी लावत आले आहेत. त्या दोऱ्याला म्हणतात 'जीव'. म्हणजे तंबोऱ्याच्या लाकडातही जीव आपोआप नसतो. कोणीतरी कानाने ऐकत, हाताने सरकवत तो घालावा लागतो. चरणजितसिंगांची बोटे खुंटीवर तेच करीत होती.

म्हणून सगळेच जमले आहे असे नाही. ललत हा पहाटेपूर्वीचा राग. त्याचे दोन मध्यम लागोपाठ येतात तेव्हा क्षणभर थांबावेसे वाटते. इथे ठेका थांबूच देत नाही. आलापाची ऐसपैस बैठकही नाही. मालकंसात मात्र तोच न थकणारा ठेका मला नदीच्या पुरासारखा वाटला.

आता एक कबुली. हाच भाचा शाळेत असताना लग्नाच्या बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. रात्री घरी एकच सूर तासभर फिरवत बसायचा. "यंत्राला जीव नसतो, हे काही संगीत नव्हे," असे मी त्याला चारचौघांत सुनावले होते. मी कवी, बी.ए. झालेला, घरातला शिकलेला माणूस. माझा शब्द त्याने मानला. परवा मी विचारले, "तुझा कीबोर्ड कुठे आहे?" "कधीच विकला, मामू," तो हसत म्हणाला. मला हसता आले नाही.

चरणजितसिंग २०१५ मध्ये गेले. त्याआधी त्यांना परदेशातल्या रंगमंचांवर हेच दहा राग वाजवायला मिळाले. नवे श्रोते भेटायला जवळजवळ तीस वर्षे लागली. सगळ्यांच्या नशिबी तेवढी वाट पाहणे नसते. तेव्हा तुमच्या घरात एखादे पोर मोबाइलवर नाहीतर जुन्या कीबोर्डवर काही विचित्र आवाज काढत बसले असेल, तर रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत ऐकावे, तेवढे तरी त्याचे ऐकून घ्या. नावे नंतर ठेवता येतील.