पिशाच्चाचा पश्चात्ताप

दुष्ट माणसाची भीती वाटावी हे समजण्यासारखे आहे. पण दुष्ट माणूस आवडू लागावा आणि त्याचे बरे व्हावे म्हणून आपणच मनातल्या मनात तळमळू लागावे, ही गोष्ट मात्र मुद्दाम समजून घ्यावी लागते. कामगार-संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने रक्तपिशाच्चाच्या गोष्टीवर कशाला बोलावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर एवढेच, की १८६७ साली ‘भांडवल’ हा ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या कार्ल मार्क्सलाही भांडवलाचे वर्णन करताना याच प्राण्याची उपमा सुचली. तेव्हा विषय आमच्या घराबाहेरचा नाही.

हा प्राणी मूळचा युरोपातला. आपला वेताळ प्रेतात शिरून राजाला कोडी घालतो. तिकडचे रक्तपिशाच्च रात्री शवपेटीतून उठते आणि जिवंत माणसाचे रक्त पिऊन आपले मेलेपण लांबवते. खेड्यापाड्यांच्या समजुतीत तो एक फुगलेला, मातीने बरबटलेला मुडदाच होता. १८१९ साली पॉलिडोरी या इंग्रज डॉक्टराने त्याला उमरावाचा पोशाख चढवला. १८९७ साली ब्रॅम स्टोकरने त्याला ड्रॅक्युला हे नाव आणि डोंगरावरचा वाडा दिला. म्हणजे शंभर वर्षांच्या आत मुडद्याचा जमीनदार झाला. तरीही तोवर तो खलपुरुषच होता. शेवटी त्याला मारायचे, हे ठरलेले असे.

तो दूरचित्रवाणीवर नायक कसा झाला, हे पाहायचे तर अमेरिकेतील ‘डार्क शॅडोज’ ही मालिका पाहावी. डॅन कर्टिस याने निर्माण केलेली ही मालिका २७ जून १९६६ रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि २ एप्रिल १९७१ रोजी संपली. आठवड्याचे पाच दिवस, दुपारच्या वेळी, अर्धा तास. असे एकूण १,२२५ भाग झाले. मेन राज्यातील एका बंदराच्या गावी कॉलिन्स घराण्याचा मोठा वाडा आहे. मासेमारीच्या बोटी त्यांच्या आणि मासे डबाबंद करण्याचा कारखानाही त्यांचाच. आरंभी मालिका फारशी चालेना. मग एप्रिल १९६७ मध्ये बार्नाबस कॉलिन्स हे पात्र आले.

तो येतो कसा, ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. विली लूमिस नावाचा एक भणंग तरुण जुन्या दागिन्यांच्या लोभाने घराण्याची कबर उघडतो. साखळदंडांनी जखडलेल्या पेटीतून एक हात बाहेर येतो आणि त्याचा गळा धरतो. तेव्हापासून विली त्याचा गुलाम होतो. बार्नाबस मात्र इंग्लंडहून आलेला दूरचा नातलग म्हणून वाड्यात शिरतो. अंगावर झूल, हातात लांडग्याच्या तोंडाची चांदीची मूठ असलेली काठी आणि बोलण्यात जुन्या काळची अदब. जोनाथन फ्रिड हा कॅनडात १९२४ साली जन्मलेला नट रंगभूमीवर शेक्सपिअर करून आलेला. त्याला थोड्या आठवड्यांसाठी घेतले होते. पण प्रेक्षकांची पत्रे येऊ लागली आणि शाळा सुटताच मुले धावत घरी जाऊ लागली.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण कलेच्या चर्चेत ती बहुधा राहून जाते. चित्रपटातला खलपुरुष दोन तासांत मारता येतो. रोजच्या मालिकेतला खलपुरुष लोकप्रिय झाला, की त्याला मारणे परवडत नाही. तो उद्याही हवा असतो. आणि जो रोज घरात येणार, तो निव्वळ राक्षस असून भागत नाही. त्याला दुःख द्यावे लागते, भूतकाळ द्यावा लागतो. म्हणून नोव्हेंबर १९६७ पासून काही महिने कथानक १७९५ सालात नेले. तेथे कळते, की बार्नाबस मुळात एक प्रेमळ तरुण होता, जोझेट या मुलीशी त्याचे लग्न ठरले होते आणि अँजेलिक नावाच्या चेटकिणीने दिलेल्या शापाने त्याची ही गत झाली. याचा ताळाही लागतो. याच कर्टिसने १९७० साली याच फ्रिडला घेऊन याच कथेवर चित्रपट काढला. त्यात बार्नाबस सुधारत नाही आणि शेवटी मारला जातो. तात्पर्य, पिशाच्चाला पश्चात्ताप झाला, कारण त्याची नोकरी चालू ठेवायची होती.

पण एवढ्याने त्याचे आकर्षण उलगडत नाही. पोटासाठी लिहिलेली गोष्टही खरी असू शकते. बार्नाबसला आपल्या भुकेची लाज वाटते. ती सुटावी म्हणून तो डॉक्टर ज्युलिया हॉफमन या बाईकडून उपचार घेतो, आणि पुन्हा घसरतो. व्यसनी भाऊ किंवा तापट बाप ज्याने घरात पाहिला आहे, त्याला हे परके वाटत नाही. शिवाय फ्रिडला संवाद आठवायला त्रास होई. मालिका घाईने चित्रित होई आणि चुका तशाच राहून जात. तो अडखळे, नजर शोधक होई. ती नटाची अडचण प्रेक्षकांना पात्राची वेदना वाटली. सत्ता असलेला माणूस व्याकूळ दिसला, की आपले मन विरघळते. हाताखालच्याची व्याकुळता रोजचीच असते. तिच्याकडे कोण पाहतो?

म्हणूनच मला त्या गोष्टीतली दुसरी माणसे पाहावीशी वाटतात. मॅगी इव्हान्स ही उपाहारगृहात चहा-कॉफी देणारी मुलगी. बार्नाबस तिला पळवून कोंडतो आणि तिची जोझेट बनवू पाहतो. ती जीव वाचवून निसटते. पण तिने नाव सांगू नये म्हणून ज्युलिया संमोहनाने तिची आठवणच पुसून टाकते. मग मॅगी त्याच बार्नाबसशी हसून बोलते. विली तिला सावध करायला जातो, तर पोलिसांची गोळी खातो आणि तिला पळवल्याचा आळ त्याच्याच माथी बसतो. आणि जिच्या शापामुळे आपण बार्नाबसची कीव करतो, ती अँजेलिक कोण? जोझेटच्या आत्याची मोलकरीण. मार्टिनिक बेटावर बार्नाबसने तिच्याशी संबंध ठेवला आणि लग्न मात्र धनिणीशी ठरवले. तिने नंतर केलेली कृत्ये भयंकर आहेत, त्यांचे समर्थन मी करीत नाही. पण मालकाचे दुःख सांगायला १७९५ साल उघडले. मोलकरणीचे दुःख त्याच सालात पडलेले असूनही शाप म्हणूनच मोजले गेले.

माझ्या मते आकर्षणाचे मर्म येथे आहे. आपण बार्नाबसवर प्रेम करू शकतो, कारण त्याची आठवण आपल्याला सविस्तर दाखवली जाते आणि मॅगीची पुसली जाते. पुढे ‘बफी’मधला स्पाइक आला, २००९ ते २०१७ या काळात ‘व्हँपायर डायरीज’मधला डेमन आला. रूप बदलले, भाषा बदलली. पण देखण्या अपराध्याच्या जखमेवर दिवा आणि त्याच्या बळींवर अंधार, ही मांडणी बरीचशी तीच राहिली.

वाटाघाटीच्या टेबलावर मी हे पाहिले आहे. मालक खुर्ची पुढे सरकवतो, चहा मागवतो, मुलाच्या आजारपणाचे सांगतो. आणि ते खरेही असते. बाहेर येताना आमचाच एखादा कार्यकर्ता म्हणतो, “माणूस चांगला आहे हो.” मी त्याला खोटे पाडत नाही. मी एवढेच विचारतो, की यंत्रात बोटे गेलेल्या आपल्या माणसाचे नाव आत कोणी घेतले का?

तेव्हा अशा मालिका पाहू नयेत, असे मी म्हणणार नाही. अपराध्याचेही मन जाणण्याची शक्ती माणसाला सुधारते. ती नसती तर तुरुंगातून सुटलेल्याला कोणी कामावर घेतले नसते. बार्नाबसची अवश्य कीव करावी. फक्त पडदा पडल्यावर मॅगीला काय आठवत होते, ते आपण तिच्यासाठी आठवावे.