गावकीची तिजोरी

सेंट लुईचे एकेकाळचे महापौर ब्रायन मलनफी १८५१ साली वारले. आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा त्यांनी एका कामासाठी ठेवला होता: पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेले जे गरीब वाटसरू सेंट लुईत पोचतील, त्यांना मदत करायची. तेव्हा गाड्यांचे तांडे त्याच शहरातून पुढे जात, त्यामुळे इच्छा शहाणपणाचीच होती. पुढे रेल्वे आली, पश्चिमेकडचा मुलूख भरला, तांडे थांबले. पैसा मात्र वाढत राहिला आणि विश्वस्त वाटसरू शोधत राहिले. बेंजामिन फ्रँकलिनसारख्या हिशेबी माणसाचंही असंच झालं. १७९० साली जाताना त्यांनी बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना हजार-हजार पौंड दिले, ते विवाहित तरुण कारागिरांना कर्जाऊ द्यावेत म्हणून, आणि तेही दोनशे वर्षं. उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून कारागीर होण्याची पद्धतच मोडीत निघाली, तेव्हा अटीत बसणारा कर्जदार मिळेना.

अशा पैशाला इंग्रजी कायद्यात ‘मृताचा हात’ म्हणत. देणारा गेला तरी त्याची मूठ सुटत नाही. ती सोडवायची तर कोर्टात जायचं, मूळ इच्छेच्या जवळपासचं दुसरं काम सुचवायचं आणि निकालाची वाट पाहायची. आपल्याकडे हे काम १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं ५५वं कलम करतं, धर्मादाय आयुक्तांमार्फत आणि न्यायालयाच्या परवानगीनं. अर्थात प्रत्येक अरुंद इच्छा वाया जातेच असं नाही. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती घ्या. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली होती. तिची अट टिकली, कारण परीक्षाही टिकली आणि संस्कृतही टिकलं. पण तो नशिबाचा भाग.

नशिबावर अवलंबून राहायचं नाही असं ठरवणारा माणूस होता फ्रेडरिक गॉफ. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडचा हा वकील १९०८ पासून क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी या बँकेचा अध्यक्ष होता. श्रीमंतांची मृत्युपत्रं त्याच्या टेबलावरून जात, त्यामुळे माणसं मरताना काय काय लिहून ठेवतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. २ जानेवारी १९१४ रोजी त्याच्या बँकेच्या संचालक मंडळानं एक ठराव केला आणि त्यातून क्लीव्हलँड फाउंडेशन जन्माला आलं. जगातलं हे पहिलं कम्युनिटी फाउंडेशन.

ठरावाची रचना बघण्यासारखी आहे. पैसा कोणीही द्यावा, थोडा किंवा बक्कळ. सगळा एकत्र ठेवायचा, आणि गुंतवणूक बँकेनं सांभाळायची. उत्पन्न कुठे खर्च करायचं हे मात्र बँकेनं ठरवायचं नाही. त्यासाठी पाच जणांची समिती: दोघं बँकेनं नेमायचे, एक महापौरांनी, एक संघराज्याच्या न्यायालयातल्या न्यायाधीशांनी आणि एक वारसा न्यायालयाच्या न्यायाधीशांनी. खरी मेख पुढे आहे. दात्यानं सांगितलेलं काम कालबाह्य किंवा अशक्य झालं तर समितीनं ते बदलावं, कोर्टाची पायरी न चढता. हा अधिकार आजही कम्युनिटी फाउंडेशनचा कणा मानला जातो. मलनफींचा पैसा अशा तिजोरीत असता तर विश्वस्तांना वाटसरूंच्या मागे धावावं लागलं नसतं.

यात बँकेचा स्वार्थ नव्हता असं म्हणणं भोळेपणाचं ठरेल. मृत्युपत्रांचा पैसा सांभाळायला मिळणं हा बँकेचा धंदाच होता. पण गॉफनं धंद्याच्या सोयीसाठी जी चौकट केली, तिच्यात बँकेलाच अल्पमतात बसवलं. असं करणारे बँकवाले मला तरी फारसे माहीत नाहीत.

सुरुवातीला अडचण वेगळीच होती. मृत्युपत्रातून येणारा पैसा देणारा मेल्यावरच येतो, आणि क्लीव्हलँडचे धनिक चांगले धडधाकट होते. वाटायला काही नाही अशा स्थितीत गॉफनं शहराच्या दुखण्यांची पाहणी सुरू केली. रसेल सेज फाउंडेशनच्या लेनर्ड आयर्स यांच्याकडून १९१५-१६ मध्ये शाळांची पाहणी करवली. तिचे अहवाल पंचवीस छोट्या पुस्तकांतून छापले गेले. त्यानंतर १९२०-२१ मध्ये शहराच्या म्युनिसिपल कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांवरच खुनाचा खटला चालला. त्यातून ते सुटले, पण पुढे खोट्या साक्षीच्या प्रकरणात दोषी ठरले. फाउंडेशननं मग पोलीस, वकील, कोर्ट, तुरुंग या सगळ्या व्यवस्थेचीच पाहणी काढली आणि ती सोपवली रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या कायदेपंडितांकडे. फ्रँकफर्टर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. तिजोरी रिकामी असताना या संस्थेनं शहराला जे दिलं ते तपशील होते, आणि सत्तेतल्या माणसांना ते चेकपेक्षा जास्त झोंबले. गॉफ १९२३ मध्ये वारला. आपल्या तिजोरीची भरभराट पाहणं त्याच्या वाट्याला आलं नाही.

कल्पना मात्र झपाट्यानं पसरली. १९१५ मध्येच शिकागो, बॉस्टन, मिनियापोलिस आणि लॉस एंजेलिसला अशी फाउंडेशनं निघाली, १९२१ मध्ये कॅनडात विनिपेगला. विनिपेगचा आरंभ एका बँकवाल्याच्या एक लाख डॉलरांनी झाला, आणि त्यानंतरची जी देणगी तिथले लोक आजही सांगतात ती तीन सोन्याच्या नाण्यांची, एकूण पंधरा डॉलरांची. देणाऱ्या बाईनं नाव कळवलं नव्हतं. मुंबईत याच धर्तीवर १९९१ साली बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट निघाला. आज एकट्या अमेरिकेत अशी साडेसातशेहून अधिक फाउंडेशनं आहेत. क्लीव्हलँडची पुंजी अडीच अब्ज डॉलरच्या पलीकडे गेली आहे.

हा आकडा ऐकून एखाद्या छोट्या संस्थेच्या सचिवाचे डोळे विस्फारतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. तिजोरी मोठी आहे, पण तिच्यातल्या बहुतेक पिशव्यांवर आधीच चिठ्ठ्या आहेत. काही पैसा ठरावीक संस्थेसाठीच दिलेला असतो: अमुक रुग्णालय, तमुक वाचनालय. काही ठरावीक विषयासाठी, म्हणजे अंध मुलांसाठी, नदीकाठच्या झाडांसाठी. काही शिष्यवृत्त्यांचा. आणि अलीकडे सर्वांत वेगानं फुगलेली पिशवी दात्याच्या सल्ल्यानं चालणाऱ्या निधीची. असा पहिला निधी न्यू यॉर्क कम्युनिटी ट्रस्टनं १९३१ मध्ये उघडला. दाता पैसा देतो, करसवलत लगेच घेतो, आणि तो कुणाला द्यायचा हे पुढे सवडीनं सुचवत राहतो. कायद्यानं अंतिम निर्णय फाउंडेशनचा, व्यवहारात दात्याचा शब्द सहसा मोडला जात नाही. गॉफला मृताची मूठ सोडवायची होती. या निधीनं जिवंत माणसाची मूठ तिजोरीत आणून ठेवली. मला ही प्रगती वाटत नाही, पण आज कम्युनिटी फाउंडेशनं मोठी होतात त्यात या निधीचा वाटा फार मोठा आहे.

या सगळ्यातून उरते ती बिनचिठ्ठीची पिशवी. बाहेरच्या संस्थेनं अर्ज करायचा तो मुख्यतः हिच्यासाठी, किंवा आपल्या विषयाच्या पिशवीसाठी. त्यातही मुद्दलाला सहसा हात लावत नाहीत. गेल्या काही वर्षांच्या सरासरी मूल्याच्या चार-पाच टक्क्यांच्या आसपास रक्कम दर वर्षी बाहेर पडते. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी करायचं काम म्हणजे फोन. फाउंडेशनमध्ये विषयवार प्रोग्रॅम ऑफिसर असतात. शिक्षण, आरोग्य, कला, वस्तीसुधार असे त्यांचे वाटे असतात आणि आलेला अर्ज समितीपुढे मांडणारा माणूस तोच. ‘आमचं काम हे, आम्हाला हवंय ते, तुमच्याकडे यंदा यासाठी जागा आहे का?’ एवढा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. आपल्या मराठी माणसाला तर वशिला लावल्यासारखं वाटतं. तिथे मात्र हा रिवाज आहे आणि अधिकाऱ्यालाही तो हवा असतो, कारण न बसणारा वीस पानी अर्ज वाचण्यापेक्षा दहा मिनिटं बोलणं त्याला परवडतं.

बोलणं जमलं की बहुतेक ठिकाणी आधी दोन-तीन पानांचं चौकशीपत्र मागतात. होकार आला तर पूर्ण अर्ज. कागद ठरलेले: अमेरिकेच्या करखात्यानं कलम ५०१(सी)(३) खाली संस्थेला धर्मादाय म्हणून मान्यता दिल्याचं पत्र, विश्वस्तांची यादी, चालू वर्षाचा अर्थसंकल्प, गेल्या वर्षाचे हिशेब आणि करखात्याकडे दर वर्षी भरायचा ९९० क्रमांकाचा फॉर्म. वार्षिक जमा सहसा पन्नास हजार डॉलरच्या आत असेल तर हा फॉर्म पोस्टकार्डाएवढा असतो, आणि म्हणूनच विसरला जातो. सलग तीन वर्षं विसरला की मान्यता आपोआप रद्द. २०११ च्या जूनमध्ये करखात्यानं अशी पहिली यादी लावली, तेव्हा सुमारे पावणेतीन लाख संस्थांची नावं तीत होती. कित्येक संस्था तोवर बंदही पडल्या होत्या, पण काही चालू होत्या आणि त्यांना पत्ताच नव्हता. ज्यांना अजून मान्यता नाही अशा गटांनी मान्यता असलेल्या एखाद्या संस्थेच्या छत्राखाली पैसा घ्यायचा, ही सोय आहे. छत्र धरणारा त्याबद्दल थोडी टक्केवारी ठेवून घेतो.

अर्जातला मजकूर लिहिताना नवख्या संस्था जागतिक दारिद्र्यापासून सुरुवात करतात. समितीत बसलेली माणसं त्याच शहरातली असतात. त्यांना दारिद्र्य माहीत असतं, त्यांना गल्ली हवी असते. कोणत्या वस्तीतली किती मुलं, आठवड्यातून किती वेळा, शिकवणार कोण, आणि ती वस्ती या कामात आहे की नुसती लाभार्थी आहे. भूगोलाची अट तर ठोस असते. क्लीव्हलँड फाउंडेशनचं क्षेत्र कायहोगा, लेक आणि जिऑगा या तीन परगण्यांचं आहे. चौथ्या परगण्यातली उत्तम संस्थाही बाहेर. जुनं कर्ज फेडायला, धर्मप्रसाराला, एकट्या व्यक्तीला किंवा वार्षिक देणगी मोहिमेला पैसा मिळत नाही, हेही जवळपास सगळीकडे सारखं.

अर्थसंकल्पाचं पान आधी उघडतात असं म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं. मजकुरात दोन शिक्षिका आणि खर्चात एकीचाच पगार असेल तर तिथेच अर्ज बसतो. वर्षाला चाळीस हजारांत चालणारी संस्था एक लाख मागते तेव्हा प्रश्न गरजेचा राहत नाही, पेलण्याचा होतो. उरलेला पैसा कुठून येणार हे दाखवावं लागतं. आणि भाडं, हिशेबनीस, वीजबिल हे खर्च लाजून लपवू नयेत. ते लपवणारी संस्था फार काटकसरी वाटत नाही, कच्ची वाटते. पुष्कळ फाउंडेशनं आता अशा चालू खर्चासाठीही अनुदान देतात, पण ते मागावं लागतं.

उत्तर अमेरिकेतली बरीच महाराष्ट्र मंडळं याच ५०१(सी)(३) खाली नोंदलेली आहेत, म्हणजे कागदोपत्री त्यांनाही हा दरवाजा उघडा आहे. गणेशोत्सवासाठी तो वाजवण्यात अर्थ नाही. सभासदांच्या वर्गणीवर सभासदांसाठी होणारा कार्यक्रम समितीला शहराचा वाटत नाही. पण एकट्या राहणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या आजी-आजोबांना दवाखान्यात नेण्याची सोय मंडळानं केली आणि ती गुजराती, तेलुगू, नेपाळी शेजाऱ्यांनाही खुली ठेवली, तर ती थेट फाउंडेशनच्या भाषेत बसते. अडचण सहसा पैशाची नसते. दुसऱ्यांसाठी दार उघडायला सर्वसाधारण सभा तयार होत नाही.

मोठा पैसा कधीकधी अर्जाची वाट न पाहताही जातो. क्लीव्हलँड क्लिनिक आणि युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्ससारख्या श्रीमंत संस्थांच्या कुंपणाला लागून गरीब वस्त्या होत्या. या संस्था कोट्यवधी डॉलरची खरेदी बाहेरून करत. फाउंडेशननं त्यांना एका टेबलावर बसवलं आणि त्यातून एव्हरग्रीन सहकारी संस्था उभ्या राहिल्या. २००९ मध्ये त्यांची पहिली लाँड्री सुरू झाली, तिचे मालक तिथेच कपडे धुणारे कामगार. सहकाराचं बाळकडू प्यालेल्या महाराष्ट्राला यात नवल वाटणार नाही, पण अमेरिकेत ती मोठी बातमी होती. २०२३ मध्ये फाउंडेशननं स्वतःचं कार्यालयही शहराच्या मध्यातून उचलून युक्लिड ॲव्हेन्यूवर मिडटाऊनमध्ये नेलं. शेजारी हफ ही वस्ती आहे, १९६६ मध्ये दंगलीत जळालेली.

नकार येतोच. मागितलेली रक्कम देण्याच्या रकमेपेक्षा नेहमी मोठी असते. नकाराच्या पत्रात कारण नसतं, पण त्याच अधिकाऱ्याला पुन्हा फोन केला तर बहुधा कळतं, आणि दुसऱ्या वर्षीचा अर्ज त्यामुळे बराच सुधारतो. होकार आला तर करारपत्र येतं, पैसे येतात आणि वर्षअखेर अहवाल द्यावा लागतो. मध्येच काम बदलावं लागलं, शिक्षिका सोडून गेली किंवा शाळेनं वर्गखोली नाकारली, तर अहवालापर्यंत थांबू नये. एक पत्र लिहून खर्चाचं कलम बदलून मागावं, कारण आणि नवे आकडे देऊन. न विचारता पैसा दुसरीकडे वळवला तर तो परत मागितला जाऊ शकतो; विचारलं तर परवानगी सहसा मिळते, आणि ती लेखीच घ्यावी.